गोदावरीचा पाऊस समुद्राच्या तळाशी : कवचांमधून मान्सूनचा जुना हिशेब

सागरगोटी (धागाकर्ती)

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरावर पडलेला पाऊस नाशिक, पैठण, नांदेड करत राजमहेंद्रीच्या पुढे बंगालच्या उपसागराला मिळतो, हे आपण शाळेत शिकतो. त्या पावसाची नोंदही त्याच वाटेनं जाऊन उपसागराच्या तळाशी साठते, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. मला ते एम.एस्सी.चा प्रकल्प गोव्यात करताना कळलं आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही. परवा इथल्या दुष्काळाच्या धाग्यावर ‘पूर्वी मराठवाड्यात बक्कळ पाऊस पडायचा’ आणि ‘मराठवाडा पहिल्यापासून कोरडाच’ ही दोन्ही विधानं सारख्याच ठामपणे झाली. पुरावा कुणीच दिला नाही. पुरावा आहे, म्हणून हा वेगळा धागा.

अखिल भारतीय पावसाचे सलग आकडे मिळतात ते १८७१पासूनचे. त्याआधीचं हवं असेल तर बखरी, कागदपत्रं, दुर्गादेवीच्या दुष्काळासारख्या आठवणी. तीन-चार हजार वर्षांमागचं हवं असेल तर माणसाचा कागद संपतो आणि कवचं कामाला येतात.

पाण्यातला ऑक्सिजन सगळा एकसारखा नसतो. बहुतेक अणू १६ वजनाचे, हजारात जेमतेम दोन १८ वजनाचे. हलक्या अणूंचं पाणी लवकर वाफ होतं, जड अणूंचं पाणी ढगातून आधी गळून जातं. म्हणून पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं. उष्ण कटिबंधात जिथे झोडपून पाऊस पडतो तिथे ते आणखी हलकं होतं. विली डान्सगार्ड या डॅनिश शास्त्रज्ञानं १९६४मध्ये जगभरातल्या पावसाच्या नमुन्यांवरून हे दाखवलं. हे पाणी नद्यांतून समुद्रात आलं की समुद्राचा वरचा थर कमी खारट आणि हलका होतो. त्या थरात राहणारा जीव कवच बांधतो ते त्याच पाण्यातून, त्यामुळे पाण्याचा हलकेपणा कवचात उतरतो. जीव मरतो, कवच तळाला जातं, वर गाळ बसत राहतो.

कवचावर पाण्याचा ठसा असतो तसाच तापमानाचाही असतो. थंड पाण्यात बांधलेल्या कवचात जड ऑक्सिजन जास्त जातो. हॅरॉल्ड युरी यांनी १९४७मध्ये हे गणितानं मांडलं आणि मग शिकागोत त्यांच्या गटानं प्रत्यक्ष कवचांवर मोजून दाखवलं. १९५१चा त्यांचा निबंध मला अजून थरारक वाटतो. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा ज्युरासिक काळातला एक बेलेम्नाइट, म्हणजे आजच्या माकुळाचा जुना भाऊबंद, त्यांनी थराथरानं खरवडला आणि प्रत्येक थरातला ऑक्सिजन मोजला. निकाल असा : या प्राण्यानं तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले, लहानपणी तो जास्त उबदार पाण्यात होता, आणि मेला तो वसंतात, साधारण चार वर्षांचा होऊन. पंधरा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी मेलेल्या एका जिवाचा ऋतूंसकट जीवनक्रम! आजही कवचांचा ऑक्सिजन ज्या मापाशी ताडून सांगतात ते मूळ मापही बेलेम्नाइटचंच, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या पीडी थरातलं. तो मूळ नमुना केव्हाच संपला, पण नाव चालू आहे.

तर कवचातला एक आकडा घेतला की त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतात : पाण्याचं तापमान, पृथ्वीवर तेव्हा किती बर्फ साठलेला होता ते, आणि त्या जागच्या पाण्याचा खारेपणा. बर्फाचं कारण असं, की हलकं पाणी ध्रुवांवर बर्फ होऊन अडकलं की उरलेला समुद्र जड होतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता तेव्हा, एवढ्यामुळेच समुद्र हजारात एक भाग जड झाला होता. आणि तापमानात चार-साडेचार अंशांचा फरक पडला तरी कवचात तेवढाच फरक दिसतो. म्हणजे ‘कवच हलकं, म्हणून पाऊस जास्त’ असं एका उडीत म्हणता येत नाही. आधी दोन वजाबाक्या कराव्या लागतात. तापमानासाठी त्याच कवचातलं मॅग्नेशियम मोजतात. तापमान एका अंशानं वाढलं की कवचातलं मॅग्नेशियम सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, आणि त्यावर पाण्याच्या खारेपणाचा परिणाम त्या मानानं कमी. बर्फाचा आकडा जगभरातल्या नोंदींवरून घेतात. हे दोन्ही काढून उरतं ते त्या जागच्या पाण्याचं.

मी ज्यांच्यावर काम केलं ते शिंपले नव्हेत, फोरामिनिफेरा. एकपेशीय जीव, पण चुन्याचं कवच बांधतात. गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्यानं धुवायचा. चिखल वाहून जातो आणि चाळणीवर पांढरट रवा उरतो, तो म्हणजे जवळजवळ सगळी कवचं. ती वाळवायची, पुन्हा चाळून साधारण पाव मिलिमीटरची वेगळी करायची, चौकटी आखलेल्या काळ्या तबकात पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक उचलायची. आपल्याला हवा तो ग्लोबिजेरिनॉइडीस रूबर. तीन फुगीर कप्पे आणि पाठीवर दोन छिद्रं, हे एकदा नजरेत बसलं की हजारात ओळखता येतो. तो अगदी वरच्या थरात राहतो, म्हणून नदीच्या पाण्याची चाहूल त्याला लागते. अटलांटिकमध्ये याचा गुलाबी प्रकार आजही मिळतो. हिंदी आणि प्रशांत महासागरातून तो सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. त्यामुळे आपल्याकडच्या गाळात गुलाबी रूबर दिसू लागला की वय न मोजताही कळतं, आपण त्या काळाच्या मागे गेलो.

आता गोदावरी. २००६मध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हे जहाज भारताच्या गॅस हायड्रेट मोहिमेवर होतं. तेव्हा गोदावरीच्या मुखासमोर हजार मीटरहून खोल पाण्यातून गाळाचा एक गाभा, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेला थरांचा उभा स्तंभ, निघाला. शोध इंधनाचा होता, पण त्या चिखलात गेल्या दहाएक हजार वर्षांचा हिशेब होता. कॅमिलो पाँटन, लिव्हियू जोसान आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी दोन गोष्टी वाचल्या. एक, गाळात आलेलं पानांवरचं मेण, ज्यातल्या कार्बनवरून खोऱ्यात झाडझाडोरा जास्त होता की कोरड्या हवेतलं गवत, ते समजतं. दुसरी, रूबरची कवचं. मेण सांगतं, की सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीपासून खोऱ्यात कोरडवाहू वनस्पती हळूहळू वाढत गेल्या आणि १७०० वर्षांपूर्वीपासून त्यांचाच वरचष्मा राहिला. कवचं सांगतात, की गेल्या ३ हजार वर्षांत, त्यातही शेवटच्या १७०० वर्षांत, उपसागराचं पाणी मधूनमधून इतकं खारट झालं, की त्याआधीच्या हजारो वर्षांत तसं झालेलं नव्हतं.

म्हणजे ‘पूर्वी भरपूर’ आणि ‘पहिल्यापासून कोरडा’ या दोघांनाही उत्तर आहे : कोरडेपणा हजारो वर्षांत हळूहळू वाढला आणि अलीकडच्या काळात लहरीपणाही वाढला. आपल्याच नदीची ही नोंद आपल्या भाषेत कुठे नीट मांडलेली मला दिसली नाही. प्रश्न जरूर विचारा, जमेल तसं सांगते.

———

अनुराधा_नाशिक

फार सुंदर लेख. गोदाकाठी जन्म गेला, पण नदी असं काही घेऊन जाते हे माहीत नव्हतं. एक प्रश्न, ताई. गाभ्यातला अमुक थर ४ हजार वर्षांपूर्वीचा, हे कशावरून ठरवतात?

———

सागरगोटी

अनुराधाताई, वय तीच कवचं सांगतात. त्याच थरातली कवचं निवडून त्यांच्यातला कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर ठरावीक वेगानं घटत जाणारा कार्बन, मोजतात. इवलाली असल्यामुळे शेकडो लागतात. एक दुरुस्ती मात्र करावी लागते. समुद्रातलं पाणी खाली-वर फिरत असतं आणि खोलवरचा कार्बन जुना असतो, त्यामुळे आज मेलेलं कवचही सरासरी ४०० वर्षं जुनं दिसतं. ती वर्षं वजा करून मग वय काढतात.

पन्नासेक हजार वर्षांच्या मागे कार्बन-१४ संपतो. तिथे इतर खुणा लागतात. बंगालच्या उपसागरात सर्वांत ठळक खूण म्हणजे राखेचा थर. सुमात्रातला टोबा ज्वालामुखी सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी फुटला, त्याची राख गाभ्यांमध्ये नुसत्या डोळ्यांनी ओळखू येते. आपल्याकडे जुन्नरजवळ कुकडीच्या काठी बोरीलाही ज्वालामुखीची राख सापडलेली आहे. ती टोबाच्या याच उद्रेकाची की त्याहून जुन्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

———

भरतीओहोटी

लेख उत्तम. मी समुद्रविज्ञानातलाच, म्हणून दोन मुद्दे.

पहिला वाऱ्याचा. अनेक लेखांत ‘मान्सून बळकट होता’ एवढंच म्हटलेलं असतं आणि वाचणारा ‘पाऊस जास्त होता’ असं धरून चालतो. अरबी समुद्रातल्या कित्येक प्रसिद्ध नोंदी पावसाच्या नाहीतच. ओमानच्या किनाऱ्यासमोर नैर्ऋत्य वाऱ्यांनी वरचं पाणी ढकललं जातं आणि खालून थंड, पोषक पाणी वर येतं. त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडीस हा फोरामिनिफेरा माजतो. गाळात त्याचं प्रमाण वाढलं म्हणजे वारा जोराचा होता. अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांचा २००३चा गाजलेला निबंध याच मोजमापावर उभा आहे. काम पक्कं आहे, पण ते वाऱ्याचं आहे. वारा आणि भारतावरचा पाऊस कायम हातात हात घालून चालतात असं गृहीत धरता येत नाही. पावसासाठी बंगालचा उपसागर जास्त बोलका, कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी, कृष्णा सगळ्या तिथेच रित्या होतात. अरबी समुद्रात बाष्पीभवन जास्त आणि मोठ्या नद्या कमी.

दुसरा मुद्दा गोदावरीच्या गाभ्याचाच. पावसाळा संपला की उत्तरेकडचं गोडं पाणी पूर्व किनाऱ्यालगतच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे उतरतं. गंगा-ब्रह्मपुत्रेचं ते पाणी गोदावरीच्या मुखावरूनच जातं, शिवाय हिमालयाच्या उंचीमुळे ते जास्त हलकं असतं. म्हणजे तिथल्या रूबरनं पाहिलेलं पाणी एकट्या गोदावरीचं नव्हे. मेण गोदावरीचं, कवच उपसागराचं. हा भेद मराठवाड्याबद्दल काही म्हणताना सोडू नये.

———

सागरगोटी

दुसरा मुद्दा सोन्यासारखा आहे, आणि मला या विषयात सर्वांत जवळची गोष्ट तीच. कवच पाऊस मोजत नाही, पाणी मोजतं. ते पाणी कुठून आलं, कोणत्या महिन्यात आलं, किती दिवस टिकलं हे प्रत्येक पायरीला विचारावं लागतं. खोऱ्यातलं मेण आणि समुद्रातलं कवच एकाच चिखलात सापडतात, वेगवेगळ्या वाटांनी तिथे येतात आणि तरी एकाच दिशेला बोट दाखवतात. म्हणून त्या गाभ्यावर माझा भरवसा जास्त आहे. नुसती कवचं असती तर मी मराठवाड्याचं नाव घेतलं नसतं.

नदीचंच पाणी पकडायचं असेल तर बेरियमचा उपाय आहे. नद्यांच्या पाण्यात बेरियम समुद्रापेक्षा जास्त असतं आणि ते कवचात जातं. गिनीच्या आखातात सायम वेल्देआब यांच्या गटानं याच रूबरमधलं बेरियम मोजून पश्चिम आफ्रिकेतल्या मान्सूनचा १ लाख ५५ हजार वर्षांचा इतिहास काढला, २००७ साली. पद्धत अशी पायरीपायरीनं पुढे जाताना पाहिली की फार समाधान वाटतं.

———

दख्खनी

पुरातत्त्वाच्या बाजूनं थोडी भर. ४ हजार ते ३ हजार वर्षांपूर्वीचा काळ म्हणजे महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण वसाहतींचा. जोर्वे आणि दायमाबाद ही दोन्ही गावं प्रवरेच्या काठची, आणि प्रवरा गोदावरीलाच मिळते. दायमाबादची वस्ती इसवी सनापूर्वी १०००च्या सुमारास उठली. इनामगाव घोड नदीवर, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात, ते इसवी सनापूर्वी ७००पर्यंत टिकलं. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात इनामगावच्या शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्याचं दिसतं. म. के. ढवळीकरांनी त्यामागे घटत्या पावसाचं कारण मांडलं होतं. तेव्हा हा गाभा कुणाच्या हातात नव्हता. आता समुद्रातून जवळपास त्याच काळाचा कोरडेपणा निघतो, ही मला मोठी गोष्ट वाटते.

———

कुतूहल

@दख्खनी, म्हणजे दुष्काळानं दायमाबाद उठलं असं म्हणायचं का?

———

दख्खनी

तेवढं थेट मी म्हणणार नाही. गाभ्यातला एक सेंटिमीटरचा काप म्हणजे अनेक वर्षांची, कधी कधी शतकाची सरासरी, आणि वस्ती उठायला लागोपाठची चार वाईट वर्षंही पुरतात. कोरडेपणा वाढत असताना लोकांनी काय केलं हे घरांवरून, धान्यावरून, हाडांवरून पाहावं लागतं. पाँटन वगैरेंच्या निबंधातही पडझडीबरोबर दुसरी बाजू मांडलेली आहे : याच कोरड्या होत चाललेल्या काळात मध्य आणि दक्षिण भारतात स्थिर शेती रुजली, आणि गेल्या १७०० वर्षांतल्या लहरी पावसाच्या काळात दक्षिणेत पाणी साठवायची तंत्रं झपाट्यानं पसरली असावीत. पाऊस कमी झाला की माणूस उठून जातो तसा तळंही बांधतो.

———

खाडीवरचा

आम्ही रत्नागिरीकडचे, खाडीच्या काठावरचे. तिसऱ्या, मुळे, कालवं हे रोजचं खाणं. लेखात सगळं त्या बारीक जिवांबद्दल आहे. खाडीतल्या शिंपल्यांत पावसाची नोंद राहत नाही का? आमच्याकडे जूनमध्ये मोठा पाऊस लागला की खाडीचं पाणी आठवडाभरात गोडं होतं. शिंपलीवरच्या रेघा तर नुसत्या डोळ्यांना दिसतात.

———

सागरगोटी

राहते, आणि एका अर्थानं जास्त बारकाईनं राहते. रूबर काही आठवडेच जगतो. एका मोजमापासाठी त्याची अनेक कवचं एकत्र करतात, म्हणून हाती येते ती लांब काळाची सरासरी. शिंपली कडेकडेनं वाढत जाते, त्यामुळे शेंड्यापासून कडेपर्यंत तिचं आयुष्य क्रमानं मांडलेलं असतं. शिंपली मधोमध कापतात, कापलेली बाजू आरशासारखी घासतात आणि बारीक ड्रिलनं वाढीच्या रेघांच्या क्रमानं भुकटी काढतात. एका नमुन्याला मिलिग्रॅमचा दहावा हिस्साही पुरतो. भुकटीवर फॉस्फरिक आम्ल घातलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे जड-हलके अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात, जातो. आकडे ओळीनं मांडले की उन्हाळ्यात जड, पावसाळ्यात एकदम हलके, पुन्हा चढ, असा आलेख मिळतो. कोकणातल्या खाडीत तर पावसाळ्याचा खड्डा इतका खोल असतो, की तापमानाचा फरक त्यापुढे किरकोळ ठरतो.

अडचण दुसरीच आहे आणि ती तुम्ही रोज पाहत असाल. पाणी फार गोडं झालं की तिसरी काय करते?

———

खाडीवरचा

तोंड घट्ट मिटून बसते. फार दिवस तसंच राहिलं तर मरते. ऐन पावसात तिसऱ्यांना कुणी जात नाही, त्याचं हेही एक कारण.

———

सागरगोटी

तेच. मिटून बसलेली तिसरी वाढत नाही. म्हणजे पावसाचा जोर सर्वांत जास्त असतो नेमक्या त्याच दिवसांत नोंद थांबते. शिंपलीवरची ठळक गडद रेघ बऱ्याचदा ही थांबलेली वाढ असते. त्यामुळे आलेखातला खड्डा खऱ्या खड्ड्यापेक्षा उथळ दिसतो, आणि अतिवृष्टीचं वर्ष साध्या चांगल्या वर्षासारखं भासू शकतं. म्हणून जुन्या शिंपल्यांवरून पाऊस सांगण्याआधी त्याच जातीच्या आजच्या जिवंत शिंपल्या वर्षभर पाण्याच्या खारेपणासकट तपासाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आहे, पण ते न करता काढलेल्या आलेखावर विसंबू नये.

वाढ फारशी न थांबवणारे शिंपले हवेत तर प्रवाळ बेटांवरचे महाकाय शिंपले, ट्रायडॅक्ना. काही जाती अनेक दशकं जगतात आणि त्यांच्या कवचात रोजच्या वाढीच्या रेघा मोजता येतात. पापुआ न्यू गिनीच्या हुऑन द्वीपकल्पावर जमीन सतत वर उचलली जाते आहे, त्यामुळे जुन्या प्रवाळ पायऱ्या समुद्राबाहेर आलेल्या आहेत आणि त्यांत हे शिंपले जागच्या जागी सापडतात. त्यांच्यावरून हजारो वर्षांपूर्वीच्या एल निन्योचे चढउतार महिन्यामहिन्यानं वाचले गेले. एल निन्यो आला की तिथे पाणी किंचित थंड आणि पाऊस कमी, दोन्हीमुळे कवच जड. इथे तापमान आणि पाऊस एकाच बाजूला ओढतात, म्हणून खूण स्पष्ट उमटते. आपल्याकडे लक्षद्वीपला ट्रायडॅक्ना आहेत, पण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते संरक्षित आहेत. तिथे फिरायला गेलात तर रिकामं कवचही उचलू नका.

———

तळटीप

गुहांमधले लवणस्तंभ या सगळ्यापेक्षा चांगले नाहीत का? मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या नोंदीवरून तर ‘मेघालयन’ हा काळच ठरला, ४२०० वर्षांपूर्वीपासूनचा. युरेनियमनं वयही नेमकं मिळतं.

———

भरतीओहोटी

वयाच्या बाबतीत गुहा सरस, यात वाद नाही. पण गुहा एका डोंगराचं सांगते आणि नदीच्या मुखासमोरचा गाळ सगळ्या खोऱ्याची बेरीज सांगतो. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये चुनखडीच्या गुहा नाहीत, त्यामुळे गोदावरीच्या वरच्या खोऱ्यासाठी तो मार्ग जवळपास बंदच आहे. शिवाय लांबीचं म्हणाल तर समुद्राला तोड नाही. २०१४-१५च्या हिवाळ्यात समुद्रतळ खोदणाऱ्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची मोहीम ३५३ बंगालचा उपसागर आणि अंदमान समुद्रात गेली, त्यातल्या महानदीसमोरच्या गाभ्यावरून स्टीव्हन क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये ९ लाख वर्षांचा पाऊस मांडला. त्यात दिसलं ते असं, की हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला, बर्फ घटला आणि दक्षिण गोलार्धातून येणारं बाष्प वाढलं, की भारतावरचा पाऊस वाढतो. पुढच्या शतकाबद्दल हवामानाची प्रारूपं हेच सांगतात.

पाठोपाठ २०१५च्या वसंतात मोहीम ३५५ अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात होती. कोलंबोहून निघून ती मुंबईला संपली, आणि दोन प्रमुखांपैकी एक गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राचे धनंजय पांडे होते.

गोव्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत राजीव निगम यांच्या गटानं कारवारसमोर, काळी नदीच्या मुखाजवळच्या गाळातल्या फोरामिनिफेरांवरून दुष्काळाचं सुमारे ७७ वर्षांचं चक्र मांडलं होतं, १९९५च्या सुमारास. त्यांनी ऑक्सिजन मोजला नव्हता. रोटॅलिडियम ॲनेक्टेन्सच्या पहिल्या कप्प्याचा आकार मोजला होता. नदीचं पाणी वाढलं-घटलं की या जीवाची प्रजननाची रीत बदलते आणि पहिला कप्पा लहान-मोठा होतो. महागडं यंत्र नाही, सूक्ष्मदर्शक आणि चिकाटी. या कामाची आठवण आपल्याकडे कमी काढली जाते याचं मला वाईट वाटतं.

———

कुतूहल

एक शंका. कवच लाखो वर्षं गाळात पडून राहिलं तर त्यातला ऑक्सिजन बदलत नाही का?

———

सागरगोटी

बदलू शकतो, म्हणून पहिली तपासणी तीच. बहुतेक शिंपल्यांचं कवच ॲरागोनाइटचं, म्हणजे चुन्याच्या एका प्रकारच्या स्फटिकाचं असतं. जमिनीतल्या पाण्यानं ते विरघळून पुन्हा घट्ट झालं की कॅल्साइट हा चुन्याचाच दुसरा स्फटिक होतो, आणि मग त्यात जुन्या समुद्राऐवजी नंतरच्या भूजलाचा ऑक्सिजन बसतो. जी शिंपली ॲरागोनाइटची असायला हवी तिच्यात क्ष-किरणांखाली कॅल्साइट दिसलं, की ती बाजूला. कालवांचं कवच मुळातच बहुतांशी कॅल्साइट असल्यामुळे ती जास्त टिकतात, पण मग त्यांचा बदल ओळखायला दुसऱ्या कसोट्या लागतात. कोकण किनाऱ्यावर ज्याला करळ म्हणतात, शंख-शिंपल्यांचे तुकडे आणि वाळू चुन्यानं सांधून झालेला खडक, तो याच कारणानं या कामाला अवघड. सांधणारा चुना नंतरचा असतो आणि तुकडे वाहून आलेले असतात.

———

खाडीवरचा

तुमच्या या उत्तरावरून विचारतो. आमच्या वाडीत खाडीपासून बरंच आत, भाताच्या खाचरात, यंदा चुलत्यानं विहीर खणायला घेतली. मातीखाली निळसर काळा चिखल लागला आणि त्यात शिंपल्यांचा थरच्या थर. काही शिंपल्या जोडीनं, मिटलेल्या. गावात कुणी म्हणतं पूर्वी समुद्र इथवर होता, कुणी म्हणतं कुणीतरी खाऊन टाकल्या असतील. याचा काही उपयोग आहे का?

———

सागरगोटी

दादा, फार उपयोग आहे! माणसानं खाऊन टाकलेल्या शिंपल्या उघडलेल्या, सुट्या असतात आणि त्यांच्यात राख, खापरं, माशांचे काटे मिळतात. मिटलेल्या जोड्या चिखलात असतील तर त्या बहुधा तिथेच जगल्या आणि तिथेच मेल्या. म्हणजे खाडी तेव्हा खाचरापर्यंत होती. समुद्र थोडा वर होता म्हणून, की खाडी नंतर गाळानं भरत गेली म्हणून, हे वय कळल्यावर ठरवता येईल. आणि निळसर काळा चिखल हीही चांगली खूण. हवा न लागलेल्या चिखलात कवच कमी बदलतं.

आता हे करा. जोडीच्या शिंपल्या चिखलासकट काढा, सुट्या करू नका. व्हिनेगर, लिंबू, साबण काही लावू नका, ब्रशनं घासूही नका. प्रत्येक पिशवीवर जमिनीपासूनची खोली लिहा, आणि खालच्या-वरच्या थरातल्या वेगळ्या ठेवा. खणलेल्या भिंतीजवळ टेप धरून फोटो काढा, चिखल कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते दिसलं पाहिजे. खाडीतल्या आजच्या त्याच जातीच्या थोड्या शिंपल्या महिन्याच्या महिन्याला ठेवत गेलात आणि त्या दिवशी पाणी किती खारट होतं ते लिहिलंत, तर तुलनेचं निम्मं काम झालं. खारेपणा मोजायची साधी दुर्बिणीसारखी नळी मिळते, कोळंबीच्या तलाववाल्यांकडे असते.

———

भरतीओहोटी

@खाडीवरचा, व्यनि केला आहे. आमच्या विभागातले दोन विद्यार्थी पुढच्या रविवारी येऊ शकतील. चुलत्यांना विचारून सांगा, तोवर विहिरीचं बांधकाम खालून सुरू करू नये एवढीच विनंती. एकदा दगडी बांधणी वर आली की तो थर पुन्हा दिसणार नाही.

———

खाडीवरचा

काकांशी बोललो. पंधरा दिवस थांबतो म्हणाले, त्यापुढे पाणी भरेल. रविवारी या, जेवायलाच या. थराची मापं आज संध्याकाळी घेतो आणि फोटो इथेच टाकतो.